दादरचा एक नंबर आणि संगणकातली पहिली डिस्क

दादर स्थानकात ‘एक नंबरवर भेटू’ असं कुणी म्हटलं की पूर्वी लगेच विचारावं लागे, वेस्टर्नचा की सेंट्रलचा? दोन्ही रेल्वे आपापले फलाट एकपासून मोजत. 9 डिसेंबर 2023 पासून पश्चिम रेल्वेचे 1 ते 7 तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे 8 ते 14 झाले. संगणकातला घोळ याहून खोल आहे. दादरचा एक नंबर निदान जागचा हलत नव्हता. लिनक्स या संगणकप्रणालीत मात्र सहसा जी डिस्क आधी सापडेल ती ‘एसडीए’, नंतरची ‘एसडीबी’. नवी डिस्क जोडली किंवा एखादीनं उशिरा उत्तर दिलं, की कालची एसडीए आज एसडीबी होऊ शकते. हे त्या डिस्कचं नाव नव्हेच, तो तिचा रांगेतला नंबर आहे. त्यावर भरवसा ठेवून फॉरमॅटची आज्ञा दिली, तर भलत्याच डिस्कवरचे घरचे फोटो पुसले जाऊ शकतात.

म्हणून डिस्क फॉरमॅट होताना तिच्यावरच सहसा 128 बिटांचा एक ओळख-क्रमांक लिहिला जातो, तो यूयूआयडी. डिस्क कुठल्याही पोर्टला लावा, तो बदलत नाही. नेटवर्क कार्डांसाठी 2013 मध्ये सिस्टमडी या लिनक्सच्या व्यवस्थापक प्रणालीनं दुसरी वाट धरली: ‘ईटीएच0’ऐवजी ‘ईएनपी3एस0’, म्हणजे पीसीआय बस 3, स्लॉट 0. लालबागच्या चाळीत भाडेकरू बदलतो, खोलीचा नंबर दारावर राहतो, तसंच हे. कार्ड सहसा एका जागी असतं, त्याला जागेचं नाव शोभतं. डिस्क फिरते, तिला स्वतःचंच हवं.

ही नावं जिभेवर बसत नाहीत, आणि एकच कार्ड असलेल्या घरात जुनं नाव काय वाईट होतं, असं म्हणतात. तक्रार खरी आहे. पण नव्या नावाचा त्रास एकदाच होतो, चुकीच्या डिस्कचा धोका मात्र दर वेळी यंत्र सुरू होताना असतो. याहून वजनदार आक्षेप असा की डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर यूयूआयडीचीही नक्कल होते, मग एकाच नावाच्या दोघी समोर येतात. अशा वेळी नकलेला नवा यूयूआयडी द्यावा लागतो, किंवा कारखान्यात मिळालेल्या अनुक्रमांकावरून डिस्क ओळखावी लागते. लिनक्स डिस्कची ही सगळी नावं एकाच वेळी जपतं, एसडीएसुद्धा. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी 2018 मध्ये झालं, तरी बोलताना जुनं नाव येतंच. तसं एसडीए तोंडी राहू द्यावं. यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलीत मात्र यूयूआयडीच लिहावा.