मंगळावर सूक्ष्मदर्शक



आपल्या पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीने काळ्या पाषाणात कोरलेले रांजणखळगे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असतील. मंगळावरही असाच लाव्हारसाचा पाषाण विपुल आहे आणि एके काळी तेथे पाणी वाहत होते. मग तेथे जीव होता काय? हे पाहावयाचे कसे, एवढाच आमचा आजचा विषय.

१९९६ साली मंगळावरून आलेल्या एका अशनीत जीवाणूंसारखे आकार दिसल्याचे अमेरिकन शास्त्रज्ञांनी जाहीर केले. परंतु तसे आकार निर्जीव खनिजांतूनही घडू शकतात, असा आक्षेप निघाला आणि तो दावा सर्वमान्य झाला नाही. केवळ आकृतीवरून जीव ओळखणे धोक्याचे, हा त्यातला धडा.

नमुना घरी आणला तर? २००५ साली इस्रोने हैदराबादेहून बलून सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा आणली. या प्रयोगात आपले डॉ. जयंत नारळीकर अग्रभागी होते. पुणे व हैदराबाद येथील तपासणीत तीन नव्या जीवाणूजाती मिळाल्या; पण त्या पृथ्वीबाहेरच्या, असे सिद्ध झाले नाही. मंगळाची माती आणणे तर याहून कितीतरी दुर्घट. तेव्हा यंत्रच तिकडे धाडले पाहिजे.

येथे अडचण येते. जीवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. त्यास पाहताना भिंगाचा स्क्रू सारखा फिरवावा लागतो. मंगळावर तो फिरविणार कोण? शिवाय उड्डाणाच्या हादऱ्यांत नाजूक जुळणी टिकावी कशी?

यावर एक तोड निघाली आहे. लेसरचा एक झोत थेंबातून जाऊ द्यावयाचा, दुसरा बाहेरून. दोहोंच्या मिलनाने उमटणारी नक्षी कॅमेऱ्याने टिपावयाची. मग थेंबातील हव्या त्या खोलीचे चित्र गणकयंत्र काढून देते. स्क्रू फिरविण्याचे कारणच उरत नाही. ग्रीनलंडच्या बर्फाळ खाऱ्या पाण्यात अशा यंत्राची परीक्षा झालेली आहे.

त्याचा मोठा लाभ म्हणजे हालचाल दिसते. धुळीचा कण पाण्याबरोबर वाहतो, जागच्या जागी थरथरतो. पोहणारा जीवाणू स्वतःची वाट धरतो. अर्थात निद्रिस्त जीव हलणार नाही. म्हणून रासायनिक परीक्षेची जोड हवीच.

श्रोतेहो, “जीव सापडला” हे वाक्य मानवाने एकदाच, पण निःशंकपणे उच्चारावयाचे आहे. त्यासाठी उतावीळ कल्पनेपेक्षा खंबीर यंत्र आणि त्याहून खंबीर विवेक लागतो.