कोल्ह्याचं नाव न घेता
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



निवेदिकेने माझी ओळख 'बँकेतून निवृत्त' अशी करून दिली. ते खरंच आहे. पण मुलुंडला आमच्या सोसायटीतली मुलं मला 'कोंबडीवाली आजी' म्हणतात. ही पदवी कशी मिळाली, तेवढंच सांगते.

दर शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या कार्यालयात आठ-दहा मुलं जमतात. काही इमारतीतली, काही वॉचमनची, काही घरकामाला येणाऱ्या बायकांची. मी त्यांना चित्रांची पुस्तकं दाखवते. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' मुलांना आवडतं. पण सगळ्यात जास्त मागणी असते ती एका कोंबडीला.

पुस्तक इंग्रजी आहे, 'रोझीज वॉक'. पॅट हचिन्स या लेखिका-चित्रकर्तीचं, १९६८ सालचं. अख्ख्या पुस्तकात ३२ शब्द, म्हणजे एकच वाक्य! रोझी नावाची कोंबडी शेतावर फेरफटका मारते आणि जेवणाच्या वेळेला खुराड्यात परत येते. शब्दांत एवढंच. चित्रांत मात्र तिच्या मागे कोल्हा लागलाय. तो झेप घेतो, तर दाताळ्याचा दांडा त्याच्या नाकावर बसतो. पुढे तो तळ्यात पडतो, गवतात गाडला जातो, अंगावर पीठ सांडतं आणि शेवटी मधमाश्या त्याला पळवून लावतात. रोझी मान वर करून आपली चालतेय. आणि त्या ३२ शब्दांत कोल्ह्याचा उल्लेख कुठेही नाही.

पहिल्या शनिवारी मी घोळ घातला. बँकेतली सवय, सगळं समजावून सांगायचं. "बघा हं, मागे कोल्हा आहे. आता तो आपटणार." कुणी हसलं नाही. एकाने विचारलं, "आजी, संपलं का?" घरी येऊन पुस्तक पुन्हा चाळलं तेव्हा लक्षात आलं, की जे बाईंनी मुद्दाम लिहिलं नव्हतं, ते मी घसा फोडून सांगत होते.

पुढच्या शनिवारी मी फक्त कोंबडीचं फिरणं मराठीत सांगितलं आणि गप्प बसले. दुसरं पान उलटलं. दाराजवळ एक मुलगी बसायची. आईवडील मराठवाड्यातून कामासाठी आलेले. दोन महिने ती येत होती, पण तोंडातून शब्द नाही. ती एकदम उभी राहिली. "आज्जी, मागं बघ की! कोल्हं हाय!"

मी म्हटलं, "कुठे? मला तर नुसती कोंबडीच दिसतेय."

मग काय, सगळी खोली ओरडायला लागली. गवताच्या ढिगाऱ्याला आमच्या इमारतीतला एक मुलगा "शेवया" म्हणाला. जिवंत कोंबडी त्याने पाहिली होती ती चिकनच्या दुकानात, जाळीमागे! या मुलीने त्याला गंजी म्हणजे काय ते सांगितलं. मी ज्याला झाडू म्हणत होते, त्यावर "झाडू न्हाई, दाताळं हाय ते," असं मलाही सुनावलं. त्या खोलीत शेत माहीत असलेली ती एकटीच होती, आणि तिच्या बोलीला कुणी हसेल म्हणून तीच गप्प होती. त्या दिवशी सगळे हसले, पण कोल्ह्याला.

आता दर वेळी भांडण होतं: रोझीला कोल्हा माहीत असतो की नाही? "नाही, नाहीतर पळाली असती." "माहितीये! पिठाच्या पिशवीची दोरी तिने मुद्दाम पायात अडकवली." मग सगळी डोकी पुन्हा चित्रावर. मी अजून उत्तर दिलेलं नाही. खरं सांगू? मलाही ठरवता येत नाही.

मैत्रिणींनो, दुसरीत असताना मी वर्गात "खंय?" म्हणाले होते आणि वर्ग हसला होता. महिनाभर मी बोलले नाही. हसणारे आज समोर बसलेत, पोटभर जेवलेत, माझी तक्रार नाही. पण त्या मुलीकडे पाहताना मला तो महिना आठवला.

आपण शाळेला पंखे देऊ, बाकं देऊ, जरूर देऊ. माझी विनंती एवढीच, की बालवर्गासाठी चित्रांच्या पुस्तकांचं एक कपाट द्या, आणि आपल्यापैकी दोघा-तिघांनी आठवड्यातून अर्धा तास तिथे जमिनीवर बसा. गुडघे दुखतील, माझेही दुखतात. पुस्तक उघडा, पान उलटा, आणि कोल्हा दिसला तरी त्याचं नाव घेऊ नका. कुणीतरी दाराजवळ बसलेलं असेल. ते सांगेल.