देवनहळ्ळीची नाचणी आणि दुष्काळी मदतीचा हिशेब



संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे साल आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. नाचणी, ज्वारी, बाजरी यांना आपल्या केंद्र सरकारने 'श्रीअन्न' ही पदवी दिली. त्याच साली नाचणी पिकवणाऱ्या शेतकऱ्याची काय अवस्था झाली, हे जाणण्यासाठी बंगळूरच्या विमानतळाबाहेर पडले तरी पुरे होते. तो विमानतळ देवनहळ्ळी तालुक्यात आहे आणि नाचणी, म्हणजे तिथली रागी, हे त्या मुलखाचे मुख्य अन्न आहे.

या तालुक्याला बारमाही नदी नाही. नंदीच्या डोंगरात उगम पावणारी दक्षिण पिनाकिनी इथे बहुतेक काळ कोरडीच असते. पूर्वजांनी बांधलेले तलाव आणि आता खोल खोल जाणाऱ्या कूपनलिका एवढाच आधार. ज्याला कूपनलिका परवडत नाही, त्याने जुलै-ऑगस्टमध्ये आभाळाकडे पाहून पेरायचे आणि नोव्हेंबर-डिसेंबरात कापणी करायची. नाचणी हे काटक पीक आहे. पेरणी लांबली तरी ते तग धरते. परंतु कणसात दाणा भरण्याच्या वेळी जमिनीत ओल नसेल, तर काटकपणाही हात टेकतो. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कर्नाटक सरकारने सप्टेंबरपासून टप्प्याटप्प्याने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर केले. राजधानीला लागून असलेला बंगळूर ग्रामीण जिल्हाही त्यातून सुटला नाही.

नाचणी बुडते तेव्हा केवळ धान्य बुडत नाही. तिचे काड हाच जनावरांचा वर्षभराचा चारा. दाणा नाही आणि काडही अपुरे, अशा वेळी शेतकरी प्रथम घरातली साठवण संपवतो, मग जनावर विकतो, मग उसनवार करतो आणि अखेर शहराच्या बांधकामावर मजुरीला जातो. दुष्काळाला तोंड देणे म्हणतात ते हेच. आणि हे सारे तो स्वतःच्या खर्चाने करतो.

मग सरकार काय देते? आपत्ती निवारण निधीच्या २०२२ च्या निकषांप्रमाणे कोरडवाहू पिकाच्या नुकसानीला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. म्हणजे एकरी सुमारे ३,४०० रुपये. २०२३-२४ साठी केंद्रानेच ठरवलेला नाचणीचा हमीभाव होता क्विंटलला ३,८४६ रुपये. बुडालेल्या एका एकराची सरकारी किंमत एक क्विंटल नाचणीइतकीही नाही! बियाणे, खत, नांगरट, खुरपणी आणि घरच्या माणसांचे चार महिन्यांचे श्रम, या सर्वांचा हा मोबदला. त्याला नुकसानभरपाई म्हणणे म्हणजे शब्दांची चेष्टा आहे. निकषांच्या कागदावरही त्याचे नाव 'निविष्ठा अनुदान' असेच आहे.

तेही वेळेवर मिळाले नाही. केंद्राचे पाहणी पथक ऑक्टोबर २०२३ मध्ये येऊन गेले. राज्याने १८,१७१ कोटी रुपये मागितले होते. महिने गेले, नाचणीची कापणी उरकली, तरी निर्णय नाही. जानेवारी २०२४ मध्ये राज्याने पहिला हप्ता म्हणून शेतकऱ्यांना कमाल दोन हजार रुपये देण्यास सुरुवात केली. मार्चमध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिलच्या अखेरीस केंद्राने सुमारे ३,४५४ कोटी रुपये सोडले. केंद्र आणि राज्य यांच्या या वादात पुढच्या पेरणीचा हंगाम दारात येऊन उभा राहिला होता.

ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याचे काय? मदत जाते ती पहाणीपत्रकावरील, आपल्याकडच्या सातबारावरील, नावाकडे. वाट्याने वा खंडाने कसणाऱ्याचा घाम त्या कागदावर उमटत नाही. मराठवाड्यातील बटाईदाराला हे सांगावे लागत नाही.

निकष म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये पीकहानीचा कोरडवाहू दर हेक्टरी १३,६०० रुपये आणि मर्यादा तीन हेक्टर केली होती. पुढच्या वर्षी ती वाढ मागे घेतली गेली. वाढवता येते ते काढूनही घेता येते. म्हणून सवलत नव्हे, हक्क मागितला पाहिजे.

देवनहळ्ळीत या प्रश्नाला आणखी एक धार आहे. विमानतळाशेजारच्या जमिनीवर सर्वांचा डोळा आहे, आणि दुष्काळाने खचलेला शेतकरी हा जमीन घेणाऱ्याला सर्वांत सोयीचा शेतकरी असतो. तरीही चन्नरायपट्टण होबळीतील १३ गावांनी १,७७७ एकरांच्या भूसंपादनाविरुद्ध एप्रिल २०२२ पासून ठिय्या दिला. दुष्काळाचे वर्षही त्यांनी त्यातच काढले. १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांना ते संपादन रद्द झाल्याचे जाहीर करावे लागले.

जमीन राखली; आता त्या जमिनीवरचे पीक राखण्याची व्यवस्था हवी. मदतीचा दर हमीभावाशी आणि बुडालेल्या उत्पन्नाशी जोडा. कसणाऱ्याची नोंद करा, मग मालकी कोणाचीही असो. चारा छावण्या जनावरे विकली जाण्यापूर्वी उघडा. आणि पाहणी झाल्यावर मदत किती दिवसांत पोचली पाहिजे, हे कायद्याने बांधून द्या. देवनहळ्ळीच्या नाचणीवाल्याची ही मागणी माणदेशच्या बाजरीवाल्याची आणि सोलापूरच्या ज्वारीवाल्याचीही आहे. ती एका आवाजात मांडली गेली, तरच पुढच्या दुष्काळात तिची दखल घ्यावी लागेल.