राग येणे आणि रागावलेले असणे



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांनी या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकविले. म्हणून त्या भाषेतील एका लहानशा, पण नित्य अडविणाऱ्या प्रश्नाचा विचार आज मांडण्याचे मी योजिले आहे. मनातील भावना सांगताना इंग्रजीत नाम वापरावे की विशेषण?

मराठीत भावना आपल्याकडे येतात. मला राग आला, मला भीती वाटली, मला लाज वाटली. येथे राग, भीती, लाज ही नामे असून तीच वाक्याचे कर्ते आहेत. 'मी' मात्र चतुर्थीत जाऊन बसतो. आपल्या बेळगावात कानांवर पडणारी कन्नडही 'ननगे कोप बंतु' असेच म्हणते. इंग्रजीत 'आय' हा कर्तेपद सोडत नाही. भावना त्याचे विशेषण होते. 'आय ॲम अँग्री.' आपला विद्यार्थी सवयीने नाम शोधतो आणि 'अँगर केम टु मी' असे लिहून मोकळा होतो.

इंग्रजी मुळात अशी नव्हती. प्राचीन इंग्रजीत भूक, आवड, वाटणे या गोष्टी 'मला' या धर्तीच्या रचनेत सांगत. जुन्या ग्रंथांत भेटणारा 'मीथिंक्स' हा शब्द तिचाच अवशेष. त्याचा अर्थ 'मला वाटते' एवढाच. पुढे ही रचना मागे पडली.

शब्दकोश येथे पुरा पडत नाही. 'अँग्री' म्हणजे रागीट, असे पाठ केलेल्या मुलाला मी सांगेन की रागीट हा स्वभाव झाला. 'आय ॲम अँग्री' ही या घटकेची अवस्था आहे. त्याचे मराठी 'मला राग आला आहे' असेच करावे लागेल.

तर मग नाम केव्हा? भावना हाच जेव्हा बोलण्याचा विषय असतो, तिचे कारण, तिची मुदत किंवा तिची खोली सांगायची असते, तेव्हा. त्याचा राग तीन दिवस टिकला, हे 'हिज अँगर लास्टेड थ्री डेज' असेच म्हणावे लागते. तेथे 'अँग्री' कर्ता होऊ शकत नाही. अवस्था सांगण्यास विशेषण, भावनेविषयी बोलण्यास नाम, हा ढोबळ नियम बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतो. वेदना मात्र याला अपवाद आहे: 'आय ॲम इन पेन' म्हणतात, 'आय ॲम पेनफुल' म्हणत नाहीत.

खरा धोका आहे तो नामापासून विशेषण घडविताना. 'शेम' पासून झालेले 'शेमफुल' हे लाजिरवाण्या कृत्याला लागते, लाज वाटणाऱ्या माणसाला 'अशेम्ड' म्हणतात. एखाद्या मुलीने निबंधात 'माय फादर वॉज शेमफुल' असे लिहिले, तर वडिलांना वाटलेल्या लाजेऐवजी वडीलच लाजिरवाणे ठरतात. 'आय ॲम बोअरिंग' म्हणणारा आपला कंटाळा सांगू पाहतो आणि स्वतःलाच कंटाळवाणा म्हणवून घेतो; तेथे 'बोअर्ड' हवे. शेवटचा प्रत्ययही भरवशाचा नाही. 'होपफुल' बहुधा आशा बाळगणारा माणूस. 'पिटिफुल' मात्र ज्याची कीव यावी तो. आणि 'फिअरफुल' म्हणजे भ्यालेलाही व भयंकरही! म्हणून प्रत्येक शब्दाजवळ एकच प्रश्न विचारावा: हे विशेषण भावना सोसणाऱ्याचे, की ती उत्पन्न करणाऱ्याचे?

मित्रहो, हा केवळ गुणांचा प्रश्न नाही. मुलाखतीत, इस्पितळात, सांत्वनपत्रात आपली मुले परक्या भाषेत आपले मन सांगणार आहेत. तेथे चुकलेल्या क्रियापदाकडे ऐकणारा दुर्लक्ष करील. पण विशेषण चुकले तर तो भलताच माणूस समोर पाहील. गुरुवर्यांनी शिकविलेल्या भाषेत आपल्या मुलांना स्वतःविषयी खरे बोलता यावे, एवढी काळजी आपण घेतली, तर त्यांचे स्मरण सार्थ होईल.