जुन्या कार्डाची हाक

मध्यंतरी खेड्यातले एक शिक्षक नाशिकला माझ्याकडे शाळेचा जुना संगणक घेऊन आले. त्यावर युनिक्सच्या कुळातली ओपनबीएसडी प्रणाली बसवायची होती. "सर, नेटवर्क कार्ड मेलंय. द्यावं का सगळं भंगारात?"

कार्ड होते एनई२००० जातीचे. पडद्यावर त्याचे नाव उमटे. पण निरोप जाईना की येईना. 'डिव्हाइस टाइमआउट' एवढाच शेरा पुन्हा पुन्हा दिसे.

आता गंमत पाहा. अशा कार्डाला दोन क्रमांक असतात. एक पत्त्याचा, त्यावर संगणक कार्डाला गाठतो. दुसरा हाकेचा, म्हणजे इंटरप्टचा. काम झाले की कार्ड त्यावरून हाक मारते. पत्ता ३०० जुळत होता, म्हणून नाव दिसे. पण कार्ड हाक मारी ३ वर, आणि प्रणाली कान लावून बसलेली १० वर! मग भेट व्हायची कशी?

३ हा क्रमांक सहसा दुसऱ्या सीरियल पोर्टचा. म्हणून संगणक बंद करून कार्डावरचा जंपर, म्हणजे पिना जोडणारी इवलीशी टोपी, मोकळ्या ५ वर नेली. मग 'बूट -सी' अशी आज्ञा देऊन प्रणालीलाही ५ कळवला. निरोप वाहू लागले! हा बदल मात्र पुढे कायमचा नोंदवावा लागतो. नाहीतर पुन्हा सुरू करताच पहिले पाढे पंचावन्न.

गुरुजी, वर्गातही असेच होते. पटावर नाव असते, पण पोर गप्प. ते 'ढ' ठरवण्याआधी आपला कान कुठे आहे, तेवढे पाहावे.