दादरा-नगर हवेली : विजयानंतरची कसोटी

(मुर्री, जि. गोंदिया येथील व्याख्यानाचा गोषवारा)



सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाली, ती कोणा एका संघटनेमुळे नव्हे. त्याआधी २२ जुलैला फ्रान्सिस मास्कारेन्हस यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सने दादरा घेतले होते. पुढच्या चढाईत आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे व प्रभाकर सिनारी होते, राजा वाकणकर यांच्यासमवेत संघाचे स्वयंसेवक होते. आपल्या सुरांनी घराघरांत पोहोचलेले सुधीर फडके या मोहिमेसाठी धडपडले. वारली मुलखात कम्युनिस्ट कार्यकर्तेही पोर्तुगीजांविरुद्ध उभे राहिले. ते सांगताना आपण कचरू नये. कॅप्टन फिदाल्गो खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला.

पोवाडा येथे संपतो. खरी कसोटी येथून सुरू झाली. हाती शस्त्रे, गट अनेक, डोक्यावर राज्यसत्ता नाही. अशा वेळी काय होते?

लेबनॉनकडे पाहा. १९७५ साली तेथे यादवी पेटली. पुढच्या वर्षी पिएर जमायल, कामिल शमून, सुलेमान फ्रांजिए या राष्ट्रवादी म्हणवणाऱ्या ख्रिस्ती नेत्यांनी 'लेबनीज फ्रंट' उभारला. प्रत्येकाचे सशस्त्र दल वेगळे. १९७६ साली तल अल्-झातरच्या छावणीत पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल झाली. मग त्याच बंदुका घरात वळल्या. जून १९७८ मध्ये एहदेन येथे फ्रांजिए यांचा मुलगा टोनी, सून आणि चिमुकली नात मारली गेली. मारेकरी कालचे मित्रच होते. जुलै १९८० मध्ये बशीर जमायलच्या सैनिकांनी शमून यांचे 'टायगर्स' दल चिरडले. धर्म एक, शत्रू एक, तरीही! यादवी शमायला १९९० उजाडले.

सिल्वासात हे घडले नाही. कारभार वरिष्ठ पंचायतीकडे गेला आणि सात वर्षे तिथेच राहिला. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या न्यायालयात धाव घेतली. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने नागरिक, मुलकी अधिकारी व मालासाठी वाटेचा हक्क मानला, सैन्य व शस्त्रांसाठी मात्र नाकारला. मुक्त मुलखात गटागटांत रक्त सांडले असते, तर पोर्तुगालच्या वकिलांना आयताच मुद्दा मिळाला असता.

११ ऑगस्ट १९६१ रोजी विलीनीकरण झाले. करारावर सही करायला त्या मुलखाचा कोणी प्रमुख हवा होता, म्हणून के. जी. बदलानी हे भारतीय प्रशासकीय अधिकारी एका दिवसापुरते तेथील पंतप्रधान झाले.