पॉलिसी देताना गाडीभोवती एक फेरी



वाहन-विम्याच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून थेट विषयाला हात घालतो.

12 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी आपल्या नाशिकच्या द्वारका उड्डाणपुलावर सळ्यांनी भरलेल्या ट्रकवर मागून एक पिकअप आदळली. पिकअपमध्ये निफाडकडून सिडकोला परतणारी तरुण पोरं होती. त्या सळ्यांनी काय केलं, ते या सभागृहात सांगायला नको. माल गाडीबाहेर काढण्याची सवलत 2014 मध्येच नियमांतून गेली आहे. द्वारकेच्या अपघाताआधी, 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिकला येणारी मिनीबस ट्रकवर मागूनच आदळली आणि 12 माणसं गेली. दोष कुणाचा, हे ठरवणं पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम. मागून येणाऱ्याला पुढची अवजड गाडी किती आधी दिसते, हा प्रश्न मात्र आपल्या धंद्याचा आहे.

आता लासलगावच्या रस्त्यावर पहाटे उभे राहा. कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. निम्म्या ट्रॉल्यांना मागचा दिवा नाही. असला तरी मातीने झाकलेला. रेडियमची पट्टी एकदा लावली ती लावली, नंतर तिच्यावर फडकं फिरत नाही. उसाच्या ट्रॉलीत तर वाढे इतके बाहेर आलेले असतात की दिवा, रेडियम, नंबर सगळं त्यात गडप. द्राक्षांच्या हंगामात पिकअपवर कॅरेटची थप्पी टपाच्या वर जाते, ताडपत्री बाजूला लोंबते आणि नेमका डावा आरसा झाकते.

उंच गाडीचा दुसरा धोका आतून आहे. ट्रकच्या केबिनमध्ये बसा आणि क्लीनरला डाव्या चाकाच्या पुढे, बंपरला खेटून उभं करा. उंचापुरा माणूस असला तर डोकं दिसेल. शाळकरी पोर दिसणारच नाही. सिग्नलला डाव्या अंगाने दुचाकी घुसते ती याच पट्ट्यात. लंडनमध्ये 2021 पासून 12 टनांवरच्या ट्रकला चालकाच्या जागेवरून थेट किती दिसतं यावर तारे देतात; कमी तारे असतील तर जादा आरसे, कॅमेरे, सेन्सर लावल्याशिवाय शहरात प्रवेश नाही. मोटारींचंही तेच आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने 2023 मध्ये मांडलं की 40 इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीची धडक पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता 30 इंचांपर्यंतच्या बॉनेटपेक्षा सुमारे 45 टक्के जास्त असते. बोलेरो, स्कॉर्पिओ ज्या शहरात बनतात, तिथल्या पोरांना लिफ्ट किटचं वेड लागणं मी समजू शकतो. पण बॉनेट चार बोटं वर गेलं की समोरची न दिसणारी जमीन कितीतरी हातांनी वाढते, हे त्यांना गॅरेजमध्ये कुणी सांगत नाही.

स्प्रिंगचे पाटे वाढवण्याचंही सांगतो, कारण हे काम आपल्याकडे सर्रास चालतं. पिकअपला मागे दोन पाटे जास्त घातले की रिकामी गाडी मागून उचलली जाते, हेडलाइटचा झोत जवळच्या डांबरावर पडतो आणि चालकाला लांबचं दिसेनासं होतं. तीच गाडी क्षमतेबाहेर भरली की मागून बसते, झोत वर चढतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. कसारा घाटात पावसाळी धुक्यात ही गाडी समोर आली तर काय, ते तुम्हीच सांगा.

आता कागदाकडे येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. परवानगीने होणारे बदलही आरसीवर आणि पॉलिसीवर चढवावे लागतात. सीएनजी किट, वरचे दिवे, महागडी म्युझिक सिस्टीम कळवली नसेल, तर नुकसानीच्या क्लेममध्ये ती धरली जाणार नाही, आणि मुख्य क्लेमवरही वाद उभा राहतो. थर्ड पार्टीत मृताच्या वारसांना कायद्याचं संरक्षण जास्त आहे. पण न्यायालयाने ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ म्हटलं की ती वसुली मालकाच्या शेतापर्यंत पोहोचते. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे आशा राणी प्रकरणात 2002 मध्येच ठरलेलं आहे. लग्नाचं वऱ्हाड, जत्रा, कीर्तन, सगळीकडे आपण पिकअप भरून माणसं नेतो. त्या प्रत्येक फेरीत मागे बसलेल्यांच्या डोक्यावर विम्याचं छप्पर नसतं. ट्रॉलीचा विमा ट्रॅक्टरच्या पॉलिसीत आपोआप येतो, हाही गैरसमज गावोगाव आहे.

माझं सांगणं एवढंच आहे. पॉलिसी खंडित झाली तरच आपण विमावाले गाडी पाहतो; वेळेत नूतनीकरण झालं तर हप्ता भरला आणि कागद निघाला. मग आपण गाडीला प्रथम भेटतो ती अपघातानंतर, पोलीस ठाण्याच्या आवारात. तिथे आपण वाढवलेले पाटे मोजतो, तुटलेल्या दिव्याचा फोटो काढतो, आरसा कधीपासून नव्हता ते विचारतो. हे प्रश्न वर्षभर आधी विचारायचे होते.

म्हणून प्रत्येक मालवाहू गाडीच्या नूतनीकरणाला प्रतिनिधीने गाडीभोवती एक फेरी मारावी. दोन्ही आरसे, मागचे दिवे, रेडियम, मागचा आडवा गार्ड, पाटे आणि फाळक्याची उंची यांचे फोटो पॉलिसीला जोडावेत. जे आरसीशी जुळत नाही ते मालकाला लेखी कळवावं. याला दहा मिनिटं लागतात. 2027 च्या सिंहस्थात राज्यभरातून गाड्या नाशिकच्या रस्त्यांवर येतील; निदान आपल्या जिल्ह्यातल्या गाड्यांची ही फेरी त्याआधी पूर्ण व्हावी, असा ठराव दुपारच्या सत्रात मी स्वतः मांडणार आहे. बॉडी बिल्डर मंडळींनी त्यावर आपली अडचण मोकळेपणी सांगावी, कारण फाळका किती उंच बांधायचा हे आधी त्यांच्या शेडमध्ये ठरतं.